काच अडते, मोटर जळते

घोडेगावच्या बाजारातला कांदा असो, संगमनेरचा टोमॅटो असो की राहात्याचा पेरू, अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतमाल पिकअपवर चालतो. एमएच 16 आणि एमएच 17 पाटीच्या या गाड्यांपैकी साध्या मालवाहू पिकअपला काच वर-खाली करायला बहुधा हँडलच असतं. स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन किंवा 2016 मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस अशा मोठ्या केबिनच्या पिकअपमधून मात्र बटणाच्या काचा आल्या, आणि आता या गाड्याही जुन्या बाजारात फिरू लागल्या आहेत. अशा गाडीची काच एक दिवस मध्येच अडते आणि गॅरेजमध्ये निकाल लागतो: मोटर गेली. निकाल पुष्कळदा खरा असतो, पण अर्धाच. मोटर कशाने गेली हे न विचारता नवी बसवली, तर जुनं दुखणं नव्या मोटरीच्याही वाट्याला येतं.

दाराच्या पत्र्याआड 12 व्होल्टवर चालणारी छोटी डीसी मोटर असते. तिच्या आसावरचा मळसूत्री आटा एका दातेरी चाकाला फिरवतो; हे चाक बहुतेक वेळा प्लास्टिकचं असतं. या जोडीने वेग कमी होतो आणि जोर वाढतो. आटा चाकाला फिरवू शकतो, चाक आट्याला नाही. म्हणून बटण सोडल्यावर काच जागीच थांबते, तिच्या वजनाने खाली येत नाही. पुढे काच उचलण्याचं काम कैचीच्या किंवा तारेच्या रेग्युलेटरचं. काच मोकळी सरकत असेल तर मोटर बेताची वीज घेते. काच जड झाली की मोटर मंदावते आणि जास्त वीज खेचते. पूर्ण अडली की सर्वांत जास्त. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की गुंडाळीतली उष्णता चौपट होते. म्हणूनच अनेक मोटरींच्या आत तापल्यावर प्रवाह तोडणारी सोय केलेली असते. बंद पडलेली काच थोड्या वेळाने आपोआप चालू लागते, तेव्हा बऱ्याचदा मोटर तापून पुन्हा थंड झालेली असते.

हा भार येतो कुठून? अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षातले बरेच महिने कोरडे, आणि मालाची गाडी तर शेताच्या बांधापर्यंत जाणारी. वाटेवरची धूळ काचेच्या कडेच्या रबरी खाचेत साठते, उन्हाने रबर कडक होतं, पहिल्या पावसात धुळीचा चिखल होतो. वर जाणाऱ्या काचेला ही खाच दोन्ही बाजूंनी आवळते. दुसरं दुखणं वायरिंगचं. दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दाराच्या प्रत्येक उघडझापीबरोबर वाकतात आणि वरचं आवरण शाबूत असताना आतून तुटत जातात. बटणातले संपर्कही काळे पडतात. बॅटरीला 12 व्होल्ट असून मोटरपर्यंत 9 च पोचले, तर तिचा सुरुवातीचा जोर पाव हिश्शाने घटतो. म्हणजे काच जड झालेली आणि मोटरीचं बळ कमी झालेलं, अशी दुहेरी अडचण.

म्हणून तपासाला क्रम हवा. आधी फ्यूज. मग बटण दाबताना केबिनचा दिवा पाहावा. तो किंचित मंदावला तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. जराही मंदावला नाही तर बटण आणि वायरी आधी तपासाव्यात. व्होल्टेज मोजताना मोटरचा प्लग काढू नये, तो जागेवर ठेवून बटण दाबावं. एका तंतूवर तगलेली वायरही भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. वीज पुरेशी असेल तर काच रेग्युलेटरपासून सोडवून हाताने सरकवून बघावी. हाताला जड लागली, तर दोष खाचेत आहे.

मोटर बदलायचीच ठरली, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, काच वर घेऊन चिकटपट्टीने चौकटीला पक्की करावी आणि मगच मोटरला हात घालावा. कैचीच्या रेग्युलेटरला स्प्रिंगचा ताण असतो. मोटर सुटताच त्याचा हात झटक्याने फिरून बोटं चिरडू शकतो, म्हणून तो आधी बोल्टने किंवा क्लॅम्पने अडकवावा. डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी अनेकदा वेगळ्या असतात, हे विकत घेतानाच पाहावं. दाराचं पॅनेल परत लावण्याआधी खाच पुसून तिथे सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस नको: रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदाही पुन्हा नीट चिकटवावा, नाहीतर पावसाचं पाणी केबिनमध्ये झिरपतं.

गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, एवढ्या तपासाला वेळ कुठला, असं गाडीवाले म्हणतील. पण पॅनेल दोन्ही वाटांनी उघडावंच लागतं. तपास त्याच मजुरीत होतो, आणि दुसऱ्यांदा उघडलं तर मजुरी दुसऱ्यांदा पडते. रेग्युलेटरसह अख्खा संचच बदला, हा सल्ला तार पिंजलेली असेल तर रास्त आहे. मात्र नवा संच रबर साफ करत नाही की वायर जोडत नाही. हँडल बसवून टाकलं तरी जड काच जडच राहते, फक्त मोटरीऐवजी मनगट झिजतं. मोटरचे ब्रश वयानेही झिजतात आणि तेव्हा मोटर बदलणं पुरतं, हे खरंच. पण ते तपासानंतरच कळतं. म्हणून गॅरेजमध्ये एकच अट घालावी: काढलेली मोटर समोर थेट बॅटरीला लावून दाखवा. ती मोकळी फिरली म्हणजे धडधाकट आहे असं नाही, पण ती फिरत असताना नवीचे पैसे मोजण्याआधी वायर आणि खाच यांचा हिशेब मागायला हवा.