माळ्यावरचा संगणक आणि घरची फायरवॉल : गैरसमज व वस्तुस्थिती

विंडोज चालवताना धापा टाकणारा डेस्कटॉप शेवटी माळ्यावर जातो. तोच संगणक फायरवॉल बनून घरच्या इंटरनेटची राखण करू शकतो. मात्र या कामाविषयी ऐकीव समजुतीच फार आहेत. हात घालण्याआधी त्या तपासून घेऊ.

गैरसमज १ : राऊटर आहे, वेगळी फायरवॉल कशाला?

वस्तुस्थिती : राऊटरमधली ‘नॅट’ ही सोय एका सार्वजनिक पत्त्यावर अनेक उपकरणे चालवण्यासाठी आहे. बाहेरच्या जोडण्या त्यामुळे अडतात खऱ्या, पण तो तिचा मूळ हेतू नव्हे. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत तर प्रत्येक उपकरणाला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे दार अडवतात ते फायरवॉलचे नियमच. साध्या राऊटरमध्ये असे नियम असले, तरी घरातला कॅमेरा किंवा टीव्ही बाहेर कोणाशी बोलतो हे त्यात क्वचितच कळते. स्वतःच्या फायरवॉलमध्ये ते दिसते आणि रोखताही येते.

गैरसमज २ : कुठलाही जुना संगणक चालेल.

वस्तुस्थिती : वेग फारसा लागत नाही, पण काही अटी आहेत. पीएफसेन्स या फायरवॉल प्रणालीने २०१७च्या २.४ आवृत्तीपासून ३२ बिट प्रोसेसरची साथ सोडली. ओपीएनसेन्स या तशाच दुसऱ्या प्रणालीला किमान २ जीबी रॅम हवी. नेटवर्क पोर्ट दोन असावेत, एक इंटरनेटकडे आणि दुसरा घराकडे. डेस्कटॉपला बहुधा एकच असतो, म्हणून दुसरे लॅन कार्ड बसवावे लागते. मूळ राऊटर टाकून देऊ नका. त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करून त्याचा लॅन पोर्ट फायरवॉलच्या घराकडच्या पोर्टला जोडला, की तो वायफायचे काम करतो.

गैरसमज ३ : यंत्र घरचेच, म्हणजे खर्च शून्य.

वस्तुस्थिती : फायरवॉल चोवीस तास चालू राहते. ७० वॅट खाणारा डेस्कटॉप दिवसाला १.६८ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ५० युनिट वीज जाळतो. १० वॅटच्या छोट्या ‘थिन क्लायंट’ संगणकाला महिन्याला सात-सव्वासात युनिट पुरतात. संगणक निवडण्याआधी हा हिशेब नक्की करा.

गैरसमज ४ : स्क्विड प्रॉक्सी बसवली की इंटरनेट वेगवान होते.

वस्तुस्थिती : स्क्विड ही पाहिलेली पाने साठवून ठेवणारी प्रॉक्सी १९९६पासून आहे. तेव्हा पाने उघडी, एचटीटीपीवरून यायची. एकाने पाहिलेले पान साठवून ते दुसऱ्याला लगेच देता येई. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून पाठवणाऱ्या पद्धतीवर आहेत. प्रॉक्सीला साधारणपणे संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर नाही. मग साठवणार काय? हे कूटबंधन मध्येच उलगडायचे, तर प्रत्येक उपकरणावर आपले प्रमाणपत्र बसवावे लागते. त्याने अनेक बँकिंग अॅप्स बंद पडतात आणि घरच्यांचे खासगी व्यवहारही उघडे होतात. घरात हे करू नये. जाहिराती आणि घातक संकेतस्थळे अडवायला डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) पातळीवरची गाळणी पुरते. त्यासाठी पाय-होल हा हलका पर्याय आहे.

गैरसमज ५ : एकदा बसवली की निर्धास्त.

वस्तुस्थिती : फसवा दुवा आपणच उघडला, ओटीपी आपणच सांगितला, तर फायरवॉल फारसे काही करू शकत नाही. अद्ययावत न केलेली फायरवॉल तर स्वतःच धोका ठरते. तिचे व्यवस्थापन-पान इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडे ठेवू नका.

वरच्या अटींत बसणारा जुना संगणक या कामाला पुरेसा आहे. त्याला नियमित अद्यतने द्या, सेटिंगची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि महिन्यातून एकदा नोंदी वाचा. एवढी शिस्त जमणार असेल, तरच तो माळ्यावरून खाली काढा.