बंदर शिकतं कसं?

7 ऑगस्ट 2010. न्हावा शेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईत शिरणारं ‘खलिजिया-3’ यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रा कलंडलं. दोनशेहून अधिक कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. तेलाचा तवंग उरण-अलिबागपर्यंत पसरला. पाण्याखाली कुठे काय दडलंय हे कळेपर्यंत जहाजांना वाट देता येईना, म्हणून मुंबई आणि न्हावा शेव्याचं जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प!

आता हा धडा शिकवायचा कुणी? परदेशी तज्ज्ञ तेलगळती आवरायला शिकवेल. पण श्रावणातल्या ओहोटीला वाहून जाणारा कंटेनर मांडव्याला लागेल की करंजाकडे जाईल, हे त्याने कुठून सांगावं?

या प्रश्नाचं ‘अंक्टाड’ने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेने, शोधलेलं उत्तर मला फार भारी वाटतं. तिच्या ‘ट्रेनफॉरट्रेड’ उपक्रमात घाना, टांझानिया, फिलिपिन्स अशा देशांतले बंदर अधिकारी आठ भागांचा, 240 तासांचा अभ्यासक्रम करतात. डब्लिन, कॉर्क, वॅलेन्सियाची अनुभवी मंडळी मदतीला येतात, पण कायमची शिकवत बसत नाहीत. ती स्थानिक वरिष्ठांना शिकवण्याची कला शिकवतात आणि पुढच्या तुकडीसमोर हेच वरिष्ठ उभे राहतात. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्याच बंदरातल्या एखाद्या अडचणीवर प्रबंध लिहून तो परीक्षकांपुढे मांडावा लागतो. कालपर्यंत ज्या खोळंब्यावर नुसती चिडचिड व्हायची, तोच अभ्यासाचा विषय!

आपल्याकडे जेएनपीएने, म्हणजे पूर्वीच्या जेएनपीटीने, अँटवर्पचा हात धरला. 1977 पासून जगभरच्या बंदर अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या त्या बंदराच्या साथीने इथे प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. जागा योग्यच निवडली म्हणायची. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेव्याच्या बंदराने 2024-25 मध्ये, वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात, 73 लाखांचा आकडा गाठला. दुबई, सिंगापूरच्या कंपन्या शेजारी-शेजारी टर्मिनल चालवतात. जून 2017 च्या जागतिक सायबर हल्ल्यात इथल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणाच बंद पडली आणि कामं हाताने उरकायची वेळ आली. अशा वेळी कागदावर बंदर चालवलेला जुना माणूस सोन्याच्या मोलाचा. त्याच्या निवृत्तीआधी त्याला शिकवायला शिकवलं नाही, तर ती विद्या त्याच्याबरोबर घरी जाते.

माझी एक तक्रार आहे. या पाण्याची ओढ आणि गाळ पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा कोळी तांडेल अशा वर्गात फळ्यापुढे का नसावा? बंदरासाठी शेवा गावाला स्वतःची जागा सोडावी लागली होती, हेही विद्यार्थ्यांना त्याच्याच तोंडून कळेल.

ऑगस्ट 2024 मध्ये पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यात 74 टक्के वाटा जेएनपीएचा आहे. तिथेही मच्छीमारांचा विरोध आहे आणि तिथल्या नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्याचं काम बहुधा न्हावा शेव्याच्याच माणसांवर येईल.