बंद पडलेल्या जिनिंगमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी

यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वेचलेला कापूस बंडीत भरून जिनिंगवर न्यायचा, तेथे रेच्यावर सरकी व रुई वेगळी व्हायची आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी सुरू केली, ती मुख्यतः या कापसासाठीच. आपण तिला शकुंतला म्हणतो.

पुढे काळ पालटला. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली आणि कालांतराने तीही संपली. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान हाती घेतले, नव्या यंत्रांच्या जिनिंग उभ्या राहिल्या आणि अनेक जुन्या जिनिंगांना कुलूप लागले. शकुंतलाही थांबली. मागे राहिल्या त्या ओस इमारती, गंजलेले टिनपत्रे, उंच धुराडे आणि कुंपणाला पडलेली भगदाडे.

त्या भगदाडातून आत कोण जाते? चेंडू आणायला पोरे जातात, चुकलेली शेळी शोधायला बाया जातात, लोखंडाच्या आशेने भंगारवाले जातात आणि हल्ली मोबाइलवर फोटो काढायला तरुण मुलेही जातात. "बंदच तर आहे, आता काय व्हायचे?" असे प्रत्येकजण म्हणतो. पण चालू कारखान्यात कुजलेली फळी बदलणारा, खड्ड्यावर झाकण ठेवणारा कोणीतरी असतो. बंद कारखान्यात तसे कोणी नसते. यंत्र थांबते, धोका मात्र दरवर्षी वाढत जातो.

धोका कोठे असतो, ते नीट ध्यानात घ्या. सिमेंटचा पत्रा दगडासारखा भक्कम दिसतो, पण माणसाच्या वजनाने तो एकदम फुटतो. म्हणून छपरावर कधीही चढू नये. या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. पत्रा फोडला की त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते. लाकडी माळा वरून साबूत दिसला तरी आतून वाळवीने पोखरलेला असू शकतो. रेच्यांच्या खाली सरकी वाहून नेणाऱ्या नाल्या आणि प्रेसखाली खोल खड्डा असतो. त्यांवर कचरा साचला की ते दिसत नाहीत. आगीसाठी बांधलेला पाण्याचा हौद शेवाळाने झाकलेला असतो. पावसाळ्यात जुन्या भिंती फुगतात, तेव्हा भिंतीच्या व धुराड्याच्या आसपासही थांबू नये. लोंबणारी तार जिवंतच आहे असे समजावे.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. बंद टाकी, जुना बॉयलर, खोल खड्डा किंवा पडीक विहीर यांत हवा कोंडते. लोखंड गंजते तेव्हा हवेतला प्राणवायू खाते, कचरा कुजतो तेव्हा विषारी वायू तयार होतो. वास येईलच असे नाही. आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग बाप उतरतो, आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात. म्हणून काळजावर दगड ठेवून हे पाळा: कोणी आत पडला तर मागोमाग उतरू नका. ११२ वर फोन करा, बाहेरूनच दोर टाका आणि अग्निशमन दलाची वाट पाहा. कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत भरवशाची नाही. विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो, आणि पेटणारा वायू असेल तर भडका उडतो.

भंगाराचा मोहही वाईट. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात दोघांनी ओस पडलेल्या दवाखान्यातून किरणोपचाराच्या यंत्राचा भाग भंगार म्हणून उचलला. त्यातली निळी चमकणारी भुकटी लोकांनी नवलाने घरी नेली. चार जण दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. ओळखीची नसलेली वस्तू, पिंप किंवा डबा उघडू नये, तो याचसाठी.

तरीही कामासाठी जावेच लागले, तर मालकाची परवानगी घ्या. कारखाना बंद पडला म्हणून मालकी संपत नाही. दिवसाउजेडी जा, एकटे जाऊ नका, एकाला बाहेर उभे ठेवा आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवा. पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी व काठी असू द्या. काठीने जमीन ठोकून मगच पाऊल टाका. बिडी पेटवू नका. त्या जिनिंगमध्ये पूर्वी काम केलेला एखादा म्हातारा गडी सोबत मिळाला तर फार चांगले, कारण खड्डा कोठे आहे हे त्याला ठाऊक असते. साप चावलाच तर चिरू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या.

आणि एक काम गावाने करायचे आहे. गावालगत अशी इमारत असेल तर विषय ग्रामसभेत मांडा. विहिरीला जाळी, हौदाला झाकण आणि कुंपणाच्या भगदाडाला काटे, एवढे मालकाकडून करून घ्या. तोवर आपली पोरे संध्याकाळी कोठे खेळतात, हे आजच त्यांना जवळ बसवून विचारा.