ठेवी विकणारा माणूस फंडात येतो

आमच्या लातूरकडं सोयाबीनची पट्टी हातात पडली की पैसा कुठं जातो? सोनं, प्लॉट, नाहीतर एफडी. गंजगोलाईतल्या सराफाला विचारा. म्हणूनच ठेवींच्या धंद्यातून म्युच्युअल फंडात आलेले मिलिंद बर्वे मला भारी वाटतात.

हा माणूस सीए. एचडीएफसीत चौदा-एक वर्षं ट्रेझरी सांभाळली, वर सामान्य लोकांच्या ठेवींचं मार्केटिंगही केलं. म्हणजे मूळचा एफडीवाला! आणि २००० साली थेट एचडीएफसी म्युच्युअल फंडाच्या कंपनीचा एमडी. २००३ मध्ये कंपनीनं झुरिच इंडियाच्या योजना घेतल्या. माझ्या मते सगळ्यात मोठा डाव हाच, कारण त्यासोबत फंड मॅनेजर प्रशांत जैनही आले. पुढची जवळपास अठरा वर्षं दोघं एकाच घरात: एक शेअर निवडणारा, दुसरा दुकान चालवणारा. नाव पहिल्याचंच व्हायचं, हे आलंच.

ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी बाजारात आली. ११०० रुपयांचा शेअर, मागणी सुमारे ८३ पट. नांदेडच्या आमच्या मित्रमंडळीत सहाजणांनी अर्ज भरले. लागला एकालाच, तो अजून पार्टी देतोय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्वेंनी खुर्ची नवनीत मुणोत यांच्याकडं सोपवली. एकाच कंपनीत वीस वर्षं एमडी!