कळकलेल्या बोर्डावरचं युनिक्स

जुना पीसी उघडला की पहिली नजर प्रोसेसरकडे नाही, बॅटरीकडे जाते. 286-386च्या काळातल्या कित्येक मदरबोर्डांवर घड्याळासाठी पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते. वीस-तीस वर्षांत ती पाझरते आणि पितळेचं भांडं कळकावं तसा हिरवा थर पार कीबोर्डच्या कनेक्टरपर्यंत पसरतो. हा पाझर अल्कधर्मी, त्यामुळे उतारा स्वयंपाकघरातच सापडतो: व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस आणि जुना टूथब्रश. माझ्या 386वर ब्रश फिरवताना तांब्याच्या दोन रेघाच निघून आल्या. केसाएवढी तार डाखून त्या पुन्हा जोडण्यात एक अख्खा रविवार गेला. ‘एवढ्यात नवीन आला असता की,’ हे घरचं वाक्य या नादातल्या प्रत्येकाला पाठ असतं.

डॉस चढवलं असतं तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं. पण मौज युनिक्सची. पीसीचा इतिहास आपण आधी डॉस, मग विंडोज असा सरळसोट सांगतो. प्रत्यक्षात छोट्या यंत्रावर युनिक्स बसवायची धडपड 1980च्या दशकात अनेकांनी केली, आणि त्यात पुढे होती खुद्द मायक्रोसॉफ्ट. युनिक्सची मालक असलेल्या एटी अँड टीचा परवाना घेऊन तिने 1980 साली झेनिक्स जाहीर केलं. ‘युनिक्स’ हे नाव लावायची मुभा तेवढी नव्हती.

खरी अडचण मेमरीची, आणि ती केवळ कमी असण्याची नव्हे. आयबीएम पीसीतल्या 8088मध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत पाय टाकला तर अडवणारं कोणी नाही. वाड्यात बिऱ्हाडं पाच, पण मधे भिंतच नाही. 286ने भिंती दिल्या, 1985च्या 386ने मेमरी लहान तुकड्यांत वाटणारं पेजिंग दिलं. मोटोरोलाच्या घराण्यातही हाच तिढा. ॲपलचं युनिक्स, ए/यूएक्स, 1988 साली मॅकिंटॉश टूवर आलं, ते 68020 शेजारी 68851 ही मेमरी सांभाळणारी वेगळी चिप असेल तरच चालायचं. म्हणून कोणी ती चिप शोधत फिरतं, कोणी सरळ मॅकिंटॉश एसई/30 घेतं, कारण त्यातल्या 68030च्या पोटातच ती सोय आहे. एटी अँड टीने स्वतः 1985मध्ये 68010वर ‘युनिक्स पीसी’ काढला होता, खिडक्या आणि माउससकट. चालला नाही.

लोखंड दुरुस्त होतं, हा माझा अनुभव. माध्यमं दगा देतात. झेनिक्सच्या माझ्या संचातली अकरावी फ्लॉपी बुरशीने गेली आणि आधीच्या दहा असून नसल्यासारख्या झाल्या. हल्ली फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी ग्रीसवीझलसारखी बोर्डं मिळतात. पण फ्लॉपीवरचा ऑक्साइडचा थरच खरवडला गेला असेल तर तीही काय करणार? त्यात परवान्यांचा गुंता. एटी अँड टीच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचं युनिक्स कॅल्डेरा कंपनीने 2002 साली मोकळं केलं. झेनिक्स, ए/यूएक्सच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.

हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्डवाला बदली बोर्ड बसवणं शहाणपणाचं. मी मात्र एक खडखडणारी 40 मेगाबाइटची डिस्क ठेवली आहे. मेमरी अपुरी पडून त्यातला मजकूर डिस्कवर हलवणं, म्हणजे स्वॅपिंग, सुरू झालं की ती शेजारच्या खोलीत ऐकू येते. एम्युलेटरमध्ये सगळं दिसतं, पण हे कानावर पडत नाही.

आपल्याकडे बँकांच्या शाखांत 1990च्या दशकात एससीओ कंपनीचं युनिक्स चालवणाऱ्या एका यंत्राला सिरियल तारांनी टर्मिनलं जोडलेली असत. तिथल्या जुन्या मंडळींना बटण दाबण्याआधी मेमरीतलं डिस्कवर उतरवणारी ‘सिंक’ ही आज्ञा आणि मग ‘शटडाउन’ ही सवय अजून असेल. ते न करता वीज गेली, तर पुढच्या बूटला फाइलसिस्टिमची तपासणी ठरलेली. लोडशेडिंगच्या गावात हा छंद यूपीएसशिवाय करू नये.

तारखेचा प्रश्न मी साध्या वजाबाकीने सोडवला. माझ्या झेनिक्सला 2000 नंतरची सालं झेपत नाहीत, म्हणून चालू सालातून 28 वजा करून घड्याळ लावतो. वारही जुळतात, लीप वर्षंही.

माळ्यावर तुमचाही असा एखादा पीसी असेल तर एवढंच करा: झाकण उघडा आणि ती पिंपासारखी बॅटरी दिसली तर कात्रीने तोडून बाजूला काढा. ती कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. बाकीचं पुढच्या दिवाळीला केलं तरी चालेल.