उसनवारीचे बालपण

मुंबईच्या उपनगरांत मुलाचा पहिला वाढदिवस पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली माणसे खेळणी ठेवायला जागा शोधू लागतात. पाहुणे चाळीस, खेळणी चाळीस. त्यात सेलवर धावणाऱ्या मोटारी पाच, आणि त्यांतल्या दोन अगदी एकसारख्या. दिवाणाच्या पोटात गाद्या असतात, माळ्यावर गणपतीची आरास आणि मोठे टोप, पलंगाखाली सुटकेस. शेवटी निम्मी खेळणी खोक्यांतच राहतात आणि महिन्याभरात नवा कागद लेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाला जातात. आमच्या ओळखीतला एक ठोकळ्यांचा डबा असा फिरत फिरत अडीच वर्षांनी मूळ मालकाकडे परत आला. हातोहात फिरणारा, पण कुणीच न वटवलेला चेक मी नोकरीत पाहिला होता. खेळणे पहिल्यांदाच पाहिले.

तीसहून अधिक वर्षे मी बँकेत कर्जे दिली आणि त्यांतली बरीचशी वसूलही केली. त्या सवयीमुळे असेल, पण मुलांची पुस्तके आणि खेळणी यांच्याबाबत माझे मत थोडे सावकारी आहे. या वस्तू शक्यतो उसन्या आणाव्यात, मनसोक्त वापराव्यात आणि परत कराव्यात. मूल तीन वर्षांचे असताना आणलेले खेळणे ते चार वर्षांचे झाले की निरुपयोगी होते. ज्या वस्तूचे आयुष्य वापरणाऱ्याच्या वाढीबरोबर संपते, ती मालकीची करून घेण्यात कसला आला शहाणपणा? आणि उपनगरात तर वस्तूच्या किमतीपेक्षा ती जितकी जागा अडवते त्या जागेची किंमत अधिक असते.

आम्ही 1989 साली बोरिवली पूर्वेला राहायला आलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. घर 380 चौरस फुटांचे. त्या काळी खेळण्यांची फारशी अडचण नव्हती, कारण खेळ घराबाहेर होता. लगोरीला फुटक्या कौलाचे तुकडे, लपंडावाला आडोसा, डबा ऐसपैसला डालड्याचा रिकामा डबा. इमारतीच्या आवारात दोन स्कूटर आणि एक फियाट उभी असे, बाकी सगळे मुलांचे. आज त्याच आवारात सत्तावीस मोटारी आहेत आणि ‘येथे बॉल खेळू नये’ असा फलक आहे. खेळ आवारातून हाकलला गेला म्हणून खेळणी घरात शिरली, असे मला वाटते. दुकानदार, जाहिराती, दूरचित्रवाणी यांना आपण उगीच सगळा दोष देतो.

पुस्तकांचे काय, ते सांगतो. आमच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये खासगी वाचनालय होते. चालक निवृत्त पोस्टमास्तर. अनामत पन्नास रुपये, मोठ्यांना महिना बारा, मुलांना आठ. दारातच बालविभागाचे कपाट, कारण मुलांनी आत येऊन मोठ्यांच्या कादंबऱ्या चाळलेल्या त्यांना खपत नसत. त्या कपाटात काय होते हे मला आजही सांगता येईल. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ सगळ्यात जास्त फाटलेल्या, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ पुठ्ठ्यात नव्याने बांधलेला, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, विंदा करंदीकरांची बालकवितेची पातळ पुस्तके, ‘चांदोबा’चे गठ्ठे आणि पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’. ‘किशोर’ 1971 च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि अजून निघते. ‘चांदोबा’ बंद पडून मात्र दहाहून अधिक वर्षे झाली.

पोस्टमास्तरांचा एक नियम होता, तो मी पुढे आयुष्यभर वापरला. तेच पुस्तक मुलाने तिसऱ्यांदा मागितले की ते पालकाला म्हणत, ‘‘साहेब, आता हे विकत घ्या. माझं पुस्तक सोडा.’’ आमच्या घरात मुलीच्या मालकीची म्हणून जी पुस्तके जमली ती या चाळणीतून. शाळा सुटेपर्यंत तिच्याकडे अठ्ठावीस पुस्तके होती. वाचलेली किती, याची मोजदाद पोस्टमास्तरांच्या कार्डांवर. माझ्या अंदाजाने सहाशेच्या खाली नसावीत. अठ्ठावीस पुस्तकांना एक फळी पुरते.

या चाळणीला अपवाद ठरली ती सोव्हिएत पुस्तके. मॉस्कोत छापलेली, अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठीत आणलेली ही पुस्तके प्रदर्शनांत इतकी स्वस्त मिळत की उसनी आणण्याचे कारणच उरत नसे. गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रे, बर्फातली अस्वले आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या. बोरिवलीत घामाघूम होऊन आम्ही ती पाहत असू. एका सरकारने दुसऱ्या देशातल्या मुलांसाठी सोसलेला तो तोटा होता. त्यामागचा हेतू मुलांना काय करायचा? 1991 च्या अखेरीस सोव्हिएत संघ संपला आणि ती आवकही संपली. इतक्या कमी किमतीत तितकी देखणी मराठी पुस्तके त्यानंतर मी पाहिली नाहीत.

बदलीच्या काळात तीन वर्षे सावंतवाडीत होतो. तिथली चितार आळी म्हणजे खेळण्यांची गल्ली. लाकडाचे आंबे, केळी, फणस, वांगी. बैलगाड्या, पाट, पाळणे. लाकडाच्या केळ्याच्या घडावर माशी बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच गावाची गंजिफा: दशावताराचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण 120 गोल पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. ही कला मरणाला टेकली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. अशी वस्तू उसनी मागू नये, विकतच घ्यावी, आणि घासाघीस न करता घ्यावी. मुलीने त्या लाकडी भाज्यांची मंडई मांडून आम्हा दोघांना वर्षभर गिऱ्हाईक केले. पुढे त्या भाज्या शेजारच्या दोन घरांतून फिरून आल्या. रंग उडाला, वांगे मात्र ओळखू येते.

खेळणे महागच हवे असे नाही, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. 1936 मध्ये दादरला शिशुविहार चालवणाऱ्या ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. माँटेसरी पद्धतीचे साहित्य गावातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणे, जुळवणे, रंग ओळखणे शिकवले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत ते नेले. आमच्याच पश्चिम रेल्वेवरचे घोलवड हे स्टेशन, तिथून बोर्डी हाकेवर. नंतरच्या पिढीत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून विज्ञान उभे केले. पुण्याच्या आयुकातली त्यांची मुक्तांगण विज्ञान शोधिका अनेकांनी पाहिली असेल. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कुणी उसनी मागत नाही, कारण ती मोडली की पुन्हा करता येतात.

खेळण्यांचे वाचनालय ही कल्पना मात्र आपल्याकडे रुजायला जड गेली. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात महामंदीच्या दिवसांत, 1935 साली, मुलांना पुस्तकांसारखी खेळणी नेऊ देण्याची योजना सुरू झाली. आपल्याकडे असे सुचवले की पहिला आक्षेप येतो तो उष्ट्याचा. ‘‘दुसऱ्याच्या मुलानं तोंडात घातलेलं?’’ हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पण वाढदिवसाला आलेल्या खेळण्याचा रंग कशाचा आहे हे तरी कुठे ठाऊक असते? रंगातल्या शिशामुळे 2007 मध्ये मॅटेलसारख्या जगप्रसिद्ध कंपनीला लाखो खेळणी परत घ्यावी लागली. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. आयातशुल्कही 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले. म्हणजे चांगले खेळणे महागले. महागलेली वस्तू चार घरांनी मिळून वापरावी, हा हिशेब आमच्या आज्यांना जात्यापासून इडलीपात्रापर्यंत कळत होता.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आमची नात मुलुंडला राहते, इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी घरात बोलते, आजीशी भांडते, पण वाचताना जोडाक्षराशी थबकते. तिच्या आईपुढे पेच असा की मराठी पुस्तक विकत घ्यावे आणि ते पडून राहावे, त्यापेक्षा इंग्रजी घेतलेले बरे. ते निदान वाचले जाते. ‘‘बाबा, चार पुस्तकं आणली, एक उघडलं. कोणतं उघडेल हे आधी कसं कळणार?’’ हे तिचे म्हणणे मला पटते. जोखीम अशीच असते. बँकेतही नव्या धंद्याला पहिले कर्ज देताना हात थरथरतो. तिथे छोटी रक्कम देऊन पाहतात. मराठी बालपुस्तकाला आज उपनगरात नेमकी अशी छोटी रक्कम हवी आहे. न आवडल्यास बिनदिक्कत परत करता येईल असे पुस्तक.

माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ मालिकेतली पुस्तके मी नातीला अशीच उसनी आणून दिली. आपल्यासारख्याच घरातली माणसे चित्रांत दिसल्यावर ती जोडाक्षरे ओलांडून पुढे गेली. त्यांतली दोन तिने तिसऱ्यांदा मागितली. पुढे काय केले ते सांगायला नको.

पण उसने मिळणार कुठे? पोस्टमास्तरांच्या गॅरेजात आता मोबाइल दुरुस्त होतात. 1898 ची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही संस्था, पार्ल्याचा 1923 चा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ ही नावे आपण अभिमानाने घेतो. पण सहा वर्षांच्या मुलाला रिक्षात घालून, हमरस्ता ओलांडून दर आठवड्याला तिथे कोण नेणार? मुलाचे वाचनालय जिना उतरून गाठता आले पाहिजे. नाशिकच्या विनायक रानडे यांनी 2009 पासून कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम चालवला. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या पेटीशी तिची अदलाबदल होते. ना इमारत, ना भाडे. उपनगराच्या जिन्याला शोभेल अशी ही युक्ती आहे.

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात 2016 पासून असे एक गोदरेज कपाट आहे. वरच्या तीन कप्प्यांत 340 पुस्तके, खालच्या दोनांत 52 खेळणी. किल्ली पाळीपाळीने, रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा. कोड्याच्या ठोकळ्यातला तुकडा हरवला तर दंड नाही. पुठ्ठ्याचा तुकडा कापून, रंगवून आणायचा. मऊ, केसाळ प्राणी घेत नाही, कारण ते धुण्यावरून दोन कुटुंबांत बोलणे बंद झाले होते. वही मीच ठेवतो, जमा-नावे पद्धतीची. बुडीत पुस्तके आजवर अकरा. बँकेतल्या माझ्या काही शाखांपेक्षा हे प्रमाण बरे आहे.

यंदा इमारत पुनर्विकासाला जाते आहे. बोरिवली काय, घाटकोपर काय, अंधेरी काय, निम्म्या गल्ल्यांत पत्रे लागलेले आहेत. तीन वर्षे सगळे भाड्याच्या घरांत, कुणी दहिसरला, कुणी थेट विरारला. कपाट कुठे ठेवायचे यावर सभेत पाऊण तास गेला. अखेर प्रत्येक कुटुंबाने दहा-बारा पुस्तके आणि दोन खेळणी स्वतःकडे नेऊन, दर दोन महिन्यांनी आपसांत बदलायची असे ठरले. तशा याद्या केल्या आहेत. नव्या इमारतीच्या नकाशात व्यायामशाळा आहे, पाहुण्यांच्या मोटारींना जागा आहे, गच्चीवर बाग आहे. कपाटासाठी तळमजल्यावर सहा फूट भिंत मागणारे पत्र मी वास्तुविशारदाला दिले आहे. उत्तर यायचे आहे.