शोकानुभव आणि ‘ख्रिस्तायन’

मराठी ख्रिस्ती काव्यातील सांत्वनाचे स्वरूप केवळ धर्मोपदेशाच्या अंगाने उलगडत नाही. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’प्रमाणे (१६१६) रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही ‘ख्रिस्तायना’साठी ओवी योजिली, परंतु १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हे महाकाव्य अपुरे राहिले. आरंभीचे थोडे अध्याय वगळता उर्वरित बहुतेक रचना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. शालेय शिक्षण न लाभलेल्या या कवयित्रीच्या वाट्याला वैधव्यात ख्रिस्ताच्या क्रूसमरणाचे कथन आले, ही बाब अर्थपूर्ण होय.

या कथेत दुःखाचा उलगडा पूर्वसंचिताने होत नाही. देव स्वतः वेदना भोगतो, म्हणून शोकमग्न मनुष्य एकाकी उरत नाही, अशी तिच्यामागील श्रद्धा आहे. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त ‘माउली’ होतो, तेव्हा हीच सोबत वारकरी परंपरेच्या परिचित शब्दात व्यक्त होते.

अशा सांत्वनात शोकाचे विस्मरण अभिप्रेत नसते. १८९५ मध्ये टिळकांनी धर्मांतर केल्यावर वाट्याला आलेला वियोग लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) मध्ये झाकून ठेवीत नाहीत. पतीचे अपुरे काव्य पूर्णत्वास नेण्यात त्यांची श्रद्धा कृतिरूप झालेली दिसते.